‘एक काय ते ठरव’ : उभयलैंगिकता आणि आपले गैरसमज



आजच्या व्याख्यानाची पत्रिका वाचून आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला जिन्यात म्हणाले, "काय हो सर, या वयात हा विषय?" मी म्हटलं, या वयातच. कारण या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती जाहीरपणे दुरुस्त करायला आता फार वर्षं हाताशी नाहीत.

आधीच एक सांगून टाकतो. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातलं. त्यानं कोणाची सर्दीसुद्धा बरी होत नाही. (हशा) मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. शब्द नीट वापरला जातोय का, व्याख्या नीट बसते का, एका विधानावरून दुसऱ्यावर मारलेली उडी रास्त आहे का, एवढंच मला तपासता येतं. पण या विषयातले बरेचसे गैरसमज हे मुळात व्याख्यांचे आणि अनुमानांचे घोटाळे आहेत, असं माझं मत झालेलं आहे. म्हणून हे धाडस.

आता ती चूक. १९९१ साल असेल. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी तर्कशास्त्र शिकवत होतो. त्या दिवशी विमध्य नियम झाला होता. कुठलंही विधान एक तर सत्य असतं नाही तर असत्य, मधली जागा नाही, असं हा नियम सांगतो. तास संपल्यावर एक मुलगा स्टाफरूमच्या दारापर्यंत माझ्यामागे आला. हुशार मुलगा, पहिल्या बाकावरचा. म्हणाला, "सर, एखाद्या माणसाला मुलींबद्दलही वाटतं आणि मुलांबद्दलही वाटतं, तर तो माणूस नक्की कोण?" कोणाबद्दल विचारतोय हे मला कळलं. कळलं नाही असं दाखवलं. आणि घाईघाईनं म्हणालो, "आत्ताच शिकलास ना? माणूस एक तर हा असतो नाही तर तो. ज्याला दोन्ही वाटतं त्याचं अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक काय ते ठरव म्हणावं त्याला."

मुलगा "हो सर" म्हणाला आणि गेला.

पुढं २०१९ साली तो मला भेटायला घरी आला. सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता. चहा घेताना म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलेलं मी फार मनावर घेतलं. दहा वर्षं मी ठरवत होतो. प्रत्येक वेळी कोणाच्या प्रेमात पडलो की त्याच्या आधीचं प्रेम मी खोटं ठरवायचो. एका मुलीवर माझं मनापासून प्रेम होतं. नंतर एका मित्राबद्दल तसंच वाटायला लागलं, तेव्हा तिला जाऊन मी सांगितलं की आपल्यात जे होतं ते प्रेम नव्हतंच, माझा गैरसमज होता. ते खोटं होतं सर. मी तिच्याशी खोटं बोललो, आणि ते खरं आहे असं समजून बोललो."

हे तुम्हांला त्याच्या परवानगीनं सांगतो आहे. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. त्यानं आणखी एक वाक्य उच्चारलं, ते मला जास्त लागलं. म्हणाला, "आणि सर, ते तर्कशास्त्रातही चूकच होतं."

खरं होतं त्याचं. कसं ते फळ्यावर मांडून दाखवतो. मागच्यांना दिसत नसेल तर नुसतं ऐका, अवघड काही नाही.

दोन विधानं घ्या. पहिलं, ‘या माणसाला स्त्रियांबद्दल आकर्षण वाटतं.’ दुसरं, ‘या माणसाला पुरुषांबद्दल आकर्षण वाटतं.’ विमध्य नियम काय सांगतो? पहिलं विधान एक तर सत्य असेल नाही तर असत्य. दुसरंही तसंच. बस्स, एवढंच सांगतो. पहिलं सत्य असलं की दुसरं असत्य असलंच पाहिजे, असं तो कुठंही म्हणत नाही. ही दोन स्वतंत्र विधानं आहेत, एक दुसऱ्याचा नकार नाही. ‘मला आंबा आवडतो’ हे ‘मला फणस आवडतो’ याचं खंडन नव्हे. दोन स्वतंत्र विधानांचं सत्यता-कोष्टक मांडलं तर ओळी किती येतात? चार. पहिलं सत्य, दुसरं असत्य. पहिलं असत्य, दुसरं सत्य. दोन्ही सत्य. दोन्ही असत्य. माणूस पुरुष असेल तर पहिल्या ओळीत भिन्नलैंगिक, दुसऱ्या ओळीत समलैंगिक. स्त्री असेल तर उलट. तिसऱ्या ओळीत उभयलैंगिक. आणि चौथ्या ओळीत ज्यांना लैंगिक आकर्षण कोणाबद्दलच वाटत नाही असे लोक. त्यांना अलैंगिक म्हणतात, आणि तेही या समाजात आहेत.

अकरावीच्या मुलाला येणारं हे कोष्टक. मी त्यातल्या दोन ओळी पुसून टाकल्या आणि वर नियमाचं नाव दिलं. बरं, आणखी एक सांगतो. स्त्री आणि पुरुष एवढे दोनच स्तंभ धरले तर चार ओळी. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली नालसा निकालात तृतीयपंथीयांची आणि पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केलेली आहे. ती ध्यानात घेतली तर कोष्टक आणखी वाढतं. म्हणूनच आज बरेच लोक उभयलैंगिकता म्हणजे ‘एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल आकर्षण’ असं सांगतात. ते मला जास्त काटेकोर वाटतं.

आता शब्दाकडे येऊ. मराठीत पुष्कळदा ‘उभयलिंगी’ म्हणतात, आणि घोटाळा तिथंच सुरू होतो. शाळेत आपण शिकलो, जास्वंदीचं फूल उभयलिंगी असतं, कारण पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असतात. गांडूळ उभयलिंगी असतं. म्हणजे हा शब्द शरीराच्या रचनेचा. इंग्रजीतही बायसेक्शुअल हा शब्द वनस्पतिशास्त्रात याच अर्थानं वापरतात. त्यामुळे ‘अमका उभयलिंगी आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी शारीरिक वेगळेपण येतं, किंवा थेट तृतीयपंथी समाज येतो.

इथं तीन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. माझं शरीर कसं आहे? मी स्वतःला कोण मानतो, पुरुष, स्त्री की आणखी काही? आणि मला कोणाबद्दल आकर्षण वाटतं? पहिला प्रश्न शरीररचनेचा, दुसरा लिंगभावाचा, तिसरा लैंगिक कलाचा. पहिल्याच्या उत्तरावरून तिसऱ्याचं उत्तर काढता येत नाही. उभयलैंगिक पुरुष हा पुरुषच असतो, उभयलैंगिक स्त्री ही स्त्रीच. म्हणून मी ‘उभयलिंगी’ न म्हणता ‘उभयलैंगिक’ म्हणतो. एका अक्षराचा फरक वाटेल, पण त्यानं फुलाचा विषय फुलाकडे राहतो.

पुढची पायरी व्याख्येची. आपल्या न्यायशास्त्रात व्याख्येला लक्षण म्हणतात, आणि लक्षणाचे तीन दोष सांगितलेले आहेत. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरची दीपिका वाचलेल्यांना ती गाय आठवत असेल. गाय म्हणजे पिंगट रंगाचा प्राणी, असं म्हटलं तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात. ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे एकखुरी प्राणी म्हटलं तर एकही गाय त्यात बसत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो. हा असंभव. उभयलैंगिकतेबद्दल लोक ज्या व्याख्या मनात धरून बोलतात, त्यांना हे तीन दोष लावून पाहू.

व्याख्या पहिली: उभयलैंगिक म्हणजे ज्याला स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण अगदी सारखं, निम्मं निम्मं वाटतं. ही अव्याप्ती. ज्याला स्त्रियांबद्दल वरचेवर आणि पुरुषांबद्दल क्वचित वाटतं, तो कुठं गेला? जिला पुरुषांबद्दल शारीरिक ओढ जास्त आणि प्रेमाची ओढ मात्र स्त्रियांबद्दल, ती कुठं गेली? आपण कोणाला असं विचारतो का, की तुझं आईवर आणि वडिलांवर नेमकं पन्नास-पन्नास टक्के प्रेम आहे ना, नसेल तर एकावर नाहीच?

व्याख्या दुसरी: उभयलैंगिक म्हणजे जो स्त्री आणि पुरुष दोघांशीही संबंध ठेवतो. हिच्यात दोन दोष एकदम आहेत. ज्याचे कोणाशीच संबंध आलेले नाहीत असा वीस वर्षांचा मुलगा हिच्यातून सुटतो, विवाहित आणि एकनिष्ठ स्त्री सुटते. ही अव्याप्ती. उलट, केवळ परिस्थितीमुळे, तुरुंगासारख्या जागी, कुणी वेगळं वागला असेल आणि त्याला आतून तसं काही वाटत नसेल, तर तोही यात येऊन बसतो. ही अतिव्याप्ती. वर्तन आणि कल या दोन गोष्टी आहेत. आपल्याकडे हजारो समलैंगिक पुरुषांनी घरच्यांच्या दबावानं मुलींशी लग्नं केली, त्यांना मुलं झाली. त्यानं त्यांचा कल बदलला नाही.

व्याख्या तिसरी: उभयलैंगिक म्हणजे ज्यानं दोघांचीही निवड केलेली आहे. हा माझ्या मते असंभव. आकर्षण कोणीच निवडलेलं नसतं. तुम्ही आठवून पाहा, आयुष्यात पहिल्यांदा कोणी आवडलं तेव्हा तुम्ही अर्ज मागवून छाननी केली होती का? (हशा) हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही ही, कारण घराघरांत सगळ्यात जास्त त्रास याच व्याख्येनं होतो. समलैंगिक मुलाला आईवडील शेवटी कधीतरी म्हणतात, "बरं बाबा, तुझ्या हातात नाही." उभयलैंगिक मुलाला म्हणतात, "तुला मुलगीही चालते ना? मग मुलीशीच कर लग्न. उगाच आम्हांला का त्रास?" यात चूक कुठं आहे ते नीट बघा. ‘मुलगी आवडू शकते’ यावरून ‘ही मुलगी आवडलेली आहे’ असं निघत नाही. आणि ज्या माणसावर प्रत्यक्ष प्रेम बसलेलं आहे त्याला सोडून दुसरं कोणी चालेल, असंही निघत नाही. तुम्हांला स्त्रिया आवडतात म्हणून कोणतीही स्त्री चालली असती काय? हा प्रश्न घरी जाऊन विचारू नका. (हशा)

मग निर्दोष लक्षण कोणतं? माझ्या शब्दांत सांगतो. एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल आकर्षण वाटू शकणं. ते एकाच वेळी वाटायला हवं असं नाही, सारख्या प्रमाणात वाटायला हवं असं नाही, आणि त्याप्रमाणे वागलंच पाहिजे असंही नाही. जगभरच्या उभयलैंगिक चळवळीतल्या जाणत्या माणसांनीही साधारण हेच सांगितलेलं आहे.

या व्याख्येतला ‘शकणं’ हा शब्द महत्त्वाचा. तत्त्वज्ञानात याला स्वभावधर्म किंवा क्षमताधर्म म्हणतात. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात अशा धर्मांची फार बारकाईनं चर्चा केली आहे. साधं उदाहरण घेऊ. मीठ पाण्यात विरघळतं. आता तुमच्या घरी बरणीत जे मीठ आहे ते या क्षणी विरघळत नाहीये. म्हणून ते विरघळणारं नाही असं म्हणाल का? बरणीतलं मीठही विरघळणारंच असतं. तसं, एखाद्या उभयलैंगिक स्त्रीनं पुरुषाशी लग्न केलं म्हणून ती भिन्नलैंगिक ‘झाली’ असं नव्हे. स्त्रीबरोबर राहायला लागली म्हणून समलैंगिक ‘झाली’ असंही नव्हे. माझा विद्यार्थी नेमका इथंच अडकला होता. प्रत्येक वेळी समोर जे नातं आहे त्यावरून तो आपला सगळा भूतकाळ पुन्हा लिहून काढत होता, कारण मास्तरानं त्याला तसंच सांगितलं होतं.

आता शास्त्रज्ञांनी काय केलं ते थोडक्यात बघू, कारण त्यांचा प्रवासही चुकत चुकतच झालेला आहे. आल्फ्रेड किन्सी हे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ. मूळचे किड्यांचे अभ्यासक. गांधीलमाशीच्या कुळातल्या एका छोट्या कीटकाचे असंख्य नमुने त्यांनी गोळा केले होते, आणि कोणतेही दोन नमुने हुबेहूब सारखे नसतात हे बघितलं होतं. तीच नजर त्यांनी माणसांकडे वळवली. १९४८ साली पुरुषांविषयीचा आणि १९५३ साली स्त्रियांविषयीचा त्यांचा ग्रंथ आला. त्यांनी शून्य ते सहा अशी पट्टी आखली. शून्य म्हणजे पूर्ण भिन्नलैंगिक, सहा म्हणजे पूर्ण समलैंगिक, मध्ये पायऱ्या. ज्यांना कोणाबद्दलच ओढ दिसली नाही त्यांच्यासाठी वेगळं अक्षर ठेवलं. त्यांनी माणसं निवडली त्या पद्धतीवर पुढं रास्त टीका झाली, त्यामुळे त्यांचे टक्के मी तुम्हांला सांगत नाही. पण दोनच कप्पे आहेत हा समज त्यांनी मोडला, ते काम टिकलं.

तरी पट्टीत एक अडचण राहिली. पट्टीवर एका टोकाकडे सरकलं की दुसऱ्यापासून लांब जावंच लागतं. म्हणजे हा झाला तराजू. एक पारडं खाली गेलं की दुसरं वर. १९८० साली मायकेल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञानं म्हटलं की ही दोन वेगळी मापं माना. मी म्हणेन, देव्हाऱ्यातल्या दोन समया. एकीची ज्योत मोठी केली म्हणून दुसरीची लहान होत नाही. आपलं चार ओळींचं कोष्टक हेच सांगत होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७८ साली, फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञानं आकर्षण, वर्तन, मनात येणाऱ्या कल्पना, भावनिक ओढ, स्वतःला दिलेलं नाव, अशा बाजू वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीसाठी काल, आज आणि इच्छा असे तीन प्रश्न विचारले. एका शब्दात न मावणाऱ्या माणसाला एकाच आकड्यात तरी का कोंबायचं?

‘हा एक टप्पा असतो, पुढं माणूस कुठल्या तरी एका बाजूला जातो’ असं तुम्ही ऐकलं असेल. काही लोकांच्या बाबतीत ते खरंही असतं. समलैंगिक असल्याचं एकदम सांगवत नाही, म्हणून आधी ‘उभयलैंगिक’ म्हणून बघतात. पण ‘काही’वरून ‘सर्व’ काढायचं नाही, हा तर पहिल्या सत्रातला धडा. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी लोणावळ्याला थांबते. म्हणून लोणावळ्यात कोणी राहतच नाही, सगळे गाडी बदलायला थांबलेले आहेत, असं होत नाही. लिसा डायमंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ७९ स्त्रियांचा दहा वर्षं पाठपुरावा केला आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. उभयलैंगिकता हा केवळ तात्पुरता टप्पा आहे या समजाला त्यांच्या माहितीनं आधार दिला नाही.

पुरुषांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी बोलकी आहे. २००५ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी शारीरिक उत्तेजना मोजून असं म्हटलं, की स्वतःला उभयलैंगिक म्हणवणाऱ्या पुरुषांत दोन्हीकडचं आकर्षण दिसत नाही. वर्तमानपत्रांनी ते उचललं. उभयलैंगिक पुरुष नसतातच, असा बोभाटा झाला. २०११ साली त्याच विद्यापीठात नवा अभ्यास झाला. या वेळी माणसं जास्त काळजीपूर्वक निवडली, ज्यांचं स्त्री आणि पुरुष दोघांशीही काही महिने टिकलेलं प्रेमाचं नातं होतं अशीच घेतली, आणि दोन्हीकडचं आकर्षण स्पष्ट मोजलं गेलं. २०२० साली अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून बघितली, तेव्हाही तेच निघालं. आणि त्या लेखकांत २००५ च्या अभ्यासातले संशोधकही होते. आपलं म्हणणं मागं घेणारा विद्वान मला फार आवडतो. कारण उघड आहे. (हशा)

आता एक नाजूक आक्षेप. ‘अशा माणसाचा भरवसा काय? उद्या दुसऱ्या बाजूला जाईल.’ थोडं थांबून विचार करा. एखाद्या पुरुषाला स्त्रिया आवडतात, म्हणजे जगातल्या निम्म्या लोकसंख्येबद्दल त्याला आकर्षण वाटू शकतं. तरी तो बायकोशी एकनिष्ठ राहील असं आपण धरतो. कशाच्या जोरावर? त्यानं दिलेल्या शब्दाच्या जोरावर. एकनिष्ठा हा वचनाचा धर्म आहे, आकर्षणाचा नव्हे. उभयलैंगिक माणूस शब्द मोडेल तर इतर मोडतात तसाच मोडेल, पाळेल तर तसाच पाळेल. दोन भाषा येणारा माणूस एका भाषेत खोटं बोलतो असं आपण समजत नाही.

या अविश्वासाचा परिणाम काय होतो? माणसं गप्प बसतात. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं २०१३ साली एक पाहणी केली. आपल्या जवळच्या बहुतेक महत्त्वाच्या माणसांना आपल्याबद्दल माहीत आहे, असं सांगणारे समलैंगिक पुरुषांत ७७ टक्के होते, समलैंगिक स्त्रियांत ७१ टक्के. आणि उभयलैंगिकांत फक्त २८. ही आकडेवारी तिकडची आहे, आपल्यावर जशीच्या तशी लावू नका. पण प्रश्न आपल्यालाही पडायला हवा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ही गत. भिन्नलैंगिक म्हणतात, "तू आमच्यातला नाहीस." समलैंगिकांतलेही काही म्हणतात, "तू धड आमच्यातला नाहीस, सोयीप्रमाणे तिकडे जाशील."

आपल्या साहित्यातही मला हे दिसतं. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं. मित्राचं दुःख आपण पाहिलं, रोहिणी हट्टंगडींनी ते उभं केलं. पण त्यातली नमा, मित्रा आणि मन्या दळवी या दोघांच्या मध्ये असलेली? सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ या कादंबरीत भाऊ आणि बहीण दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. कादंबरी आपल्याला भाऊ सांगतो, मग बहीण सांगते. तो तरुण स्वतः काही सांगत नाही. त्याला नावसुद्धा नाही. लेखकांनी ही पात्रं उभयलैंगिक आहेत असा शिक्का मारलेला नाही, मीही मारणार नाही. मला एवढंच जाणवतं, की मधल्या माणसाची गोष्ट आपण अजून त्याच्या तोंडून फारशी ऐकलेली नाही.

‘हे पाश्चात्त्यांचं खूळ’ म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. ज्या कलम ३७७ नं अशा संबंधांना गुन्हा ठरवलं, ते इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंडसंहितेत घातलं. आकर्षण बाहेरून आलं की नाही यावर वाद घाला, शिक्षा मात्र बाहेरून आली हे दप्तरात आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली दिलासा दिला, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो काढून घेतला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सांगितलं, आणि लैंगिक कल हा त्याचा अविभाज्य भाग मानला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. विवाहाचा प्रश्न मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं मान्य केला नाही, तो संसदेवर सोडला. म्हणजे आज एखाद्या उभयलैंगिक माणसानं एकावर प्रेम केलं तर कायदा लग्नाची नोंद करतो, दुसऱ्यावर केलं तर करत नाही. माणूस तोच. प्रेमही तेच.

माझं बोलणं इथं संपवतो. चिठ्ठ्या आलेल्या आहेत, त्यांतल्या तीन घेतो.

प्रश्न: माझ्या मुलीनं मला आपण अशा असल्याचं सांगितलं आहे. आई म्हणून मी काय करू?

तुम्ही चिठ्ठी लिहिलीत, म्हणजे निम्मं केलंत. पहिली गोष्ट, तिनं सांगितलं ते तुमच्यावर विश्वास ठेवून. ती विचारायला आली नव्हती, सांगायला आली होती, हा फरक लक्षात घ्या. मी तो घेतला नाही. ‘नक्की का?’, ‘जास्त कुठलं?’, ‘एक काय ते’ हे प्रश्न सध्या बाजूला ठेवा. ती सांगेल तेवढं ऐका. तिच्या परवानगीशिवाय काका-मावशीला सांगू नका. आणि कोणी ‘बरं करून देतो’ म्हणालं तर त्या दारात जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही हा आजार नाही असं २०१८ साली जाहीर केलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली असे कल बदलण्याचे ‘उपचार’ हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मुलगी उदास असेल, झोप उडाली असेल, तर उदासीसाठी जरूर चांगल्या डॉक्टरांकडे न्या. प्रेमासाठी नको.

प्रश्न: उभयलैंगिक व्यक्तीनं लग्न करताना जोडीदाराला सांगावं का?

कोणावर सक्ती करणारा मी कोण? पण ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचं त्याच्यापासून स्वतःचा एवढा मोठा भाग लपवून ठेवण्याचा भार फार असतो, असं मला त्या विद्यार्थ्याकडून कळलं. त्यानं लग्नाआधी बायकोला सांगितलं. तिनं दोन दिवस विचार केला आणि एकच प्रश्न विचारला, "तू माझ्याशी एकनिष्ठ राहशील ना?" तो हो म्हणाला. मला वाटतं, त्या बाईंना माझ्यापेक्षा तर्कशास्त्र जास्त कळत होतं.

प्रश्न: त्या विद्यार्थ्याची तुम्ही माफी मागितलीत का?

मागितली. तो म्हणाला, "माफी राहू द्या सर. पुढच्या वर्गाला कोष्टकाच्या चारही ओळी सांगा." तेव्हा मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, वर्ग काही हाताशी नव्हता. म्हणून आज तुम्हांला सांगितल्या.